फरशी मोठी, काम खालचं

बारामतीतल्या टाइल्सच्या दुकानात आज शिरलं, तर जुनी दोन बाय दोन मागे भिंतीला टेकवलेली असते. पुढे दिमाखात उभी असते ती दोन बाय चार, नाहीतर ८०० बाय १६०० मिलिमीटरची. माल बहुतेक मोरबीचा. गिऱ्हाईक रंग बघतं, चकाकी बघतं, भाव पाडून मागतं. ती बसवतात कशी, हे मात्र मी इंदापूर तालुक्यात थोरल्या भावाचं घर होत आलं तेव्हा जवळून पाहिलं.

काम घेतलेला मिस्त्री मूळचा राजस्थानचा, पण मराठी आपल्यासारखंच बोलणारा. आल्या आल्या त्याने पेटी फोडली नाही. दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घेतली आणि कोब्यावर उभी, आडवी, तिरपी फिरवू लागला. पट्टीखालून उजेड दिसला की खडूने गोल.

"अहो मिस्त्री, फरशी टाकल्यावर हे सगळं झाकणारच की," वहिनी म्हणाली.

"झाकत नाही ताई, उलट वर दिसतं."

छोटी फरशी उंचवट्यावरून जरा कलती होऊन बसते, नजरेला कळत नाही. चार फुटांची फरशी वळत नाही. एक टोक टेकलं की दुसरं अधांतरी राहतं. म्हणून दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमच्या कोब्यात कितीतरी जास्त निघाला. उंचवटे घासले, खड्डे भरले, आणि भाऊ वैतागला तरी भरलेलं वाळेपर्यंत मिस्त्री पुढे सरकला नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात तर आणखी एक भानगड असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरूम थराथराने पाणी मारून नीट धुमसलेला नसेल, तर कोबा खचतो आणि त्याच्यासोबत वरची फरशीही जाते. नव्या घराचा कोबा ओला असतानाच वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी फरशीची घाई करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

शहाबादी फरशी वाळू-सिमेंटवर पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण तिचा खडबडीत दगड सिमेंट धरतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिच्या गुळगुळीत पाठीला सिमेंटचा घोळ धरत नाही. तिला ॲडेसिव्हच लागतं. भारतीय मानक आयएस १५४७७ मध्ये त्याचे पाच प्रकार आहेत. फरशीचा आकार आणि जागा, म्हणजे आत की बाहेर, जमीन की भिंत, यावरून प्रकार ठरतो. दुकानदार देईल ती पिशवी उचलू नये.

मिस्त्रीने टाइलची पाठ आधी ओल्या फडक्याने पुसली. भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी भुकटी तिथे राहिलेली असते, आणि ॲडेसिव्ह टाइलऐवजी त्या भुकटीलाच चिकटतं. मग दातेरी थापीने कोब्यावर एकाच दिशेने सरळ रेघा ओढल्या. गोल गोल फिरवलं तर हवा आत कोंडते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात दिला. बिगाऱ्याने आणि त्याने मिळून व्हॅक्यूमच्या हँडलने ती उचलली, टेकवली, रेघांना आडवी थोडी हलवली. आणि बसलेली टाइल त्याने लगेच पुन्हा उपटली! पाठीवर कोपऱ्यापर्यंत राखाडी थर सलग लागला होता, एका काठाला तेवढा टिकलीएवढा भाग कोरडा. "आता ठीक," म्हणून पुढे. उन्हाळा होता, त्यामुळे एका वेळी दोन टाइलपुरताच माल पसरायचा. वर साय धरली की तो खरवडून फेकायचा, पाणी मारून पुन्हा वापरायचा नाही.

खरा वाद झाला सांध्यावरून. भावाला पेपर जॉइंट हवा होता, टाइलला टाइल चिकटलेली. मिस्त्री तीन मिलिमीटरच्या स्पेसरवर अडून बसला, आणि भिंतीकडेने बोटभर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकायची म्हणाला. उन्हात फरशी फुगते. जागा नसली तर मधेच उठते. विटांसारखे अर्ध्यावर सांधेही त्याने नाकारले. लांब टाइल मधे किंचित कमानदार असते, तिच्या फुगीर पोटाशी शेजारणीचा खालचा कोपरा आला की पायाला ठेच लागते. सरकवायचीच तर एक तृतीयांश. माझं मत विचाराल तर मिस्त्री शंभर टक्के बरोबर होता.

उलट नमुना बारामतीत एका नातेवाइकांच्या न्हाणीघरात पाहिला. भिंतीवरच्या मोठ्या टाइलमागे चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे गोळे, बाकी सगळं पोकळ. नळाची खुंटी ठोकताना ड्रिल लागताच टाइल आडवी चिरली. मागे साठलेलं पाणी आतल्या खोलीच्या प्लॅस्टरवर ओल होऊन आधीच उमटलेलं होतं.

तुमच्याकडे काम चालू असेल, तर शेवटचं बिल देण्याआधी ॲडेसिव्ह वाळल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा, कोपरे विसरू नका. बद्द वाजेल तिथे खडूची खूण करून ती बदलून घ्या. आणि एक पेटी जास्तीची ठेवा, तिच्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुकानात तोच रंग मागितलात, तरी छटा वेगळी निघते.