आत्याचा उन्हाळा आणि आमचा

वाचकहो, माघ सरत येतो, शहराबाहेर पळस फुलू लागतो आणि पहाटेचे पांघरूण नकोसे होते, तेव्हा आम्हां रायपूरकरांना वसंताची वर्दी मिळते. परंतु हा पाहुणा येथे फार दिवस राहत नाही. मोहाची फुले गळू लागतात न लागतात तोच उन्हाळ्याच्या हाती घर सोपवून तो निघूनही जातो. याच सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज प्रसिद्ध करतो आणि त्याचा मराठी गोषवारा करण्याचे काम माझ्याकडे येते.

‘सरासरीपेक्षा अधिक तापमान’ हे शब्द मी आजवर कितीदा लिहिले असतील, याची गणती नाही. भाषांतर म्हणून त्यांत काही उणे नाही. तथापि त्यांत काय राहून जाते, ते मला माझ्या आत्याने शिकविले.

आत्या रत्नागिरीची. काही वर्षांपूर्वी एप्रिलात ती प्रथमच आमच्याकडे आली. “तुमच्या उन्हाचा एवढा बोभाटा, आणि इथं तर घामसुद्धा येत नाही!” असे म्हणून एके दिवशी भर दुपारी ती एकटीच गोल बाजारात गेली. मी कार्यालयात होते. सायंकाळी घरी येऊन पाहते तो ती अंथरुणावर पडलेली. डोके ठणकत होते, मळमळत होते, ओठ सुकले होते. डॉक्टर म्हणाले, “घाम येत नव्हता असे नाही, आजी. तो येता येताच वाळत होता. अंगातले पाणी गेले, ते तुम्हांला कळले नाही इतकेच.” दोन दिवस शेजारच्या काकी मीठ-जिरे घातलेले कैरीचे पन्हे आणून तिला पाजीत होत्या. ती सावरली, पण त्या रात्री मी माझाच गोषवारा पुन्हा वाचला. त्यात ‘सरासरी’ होती. कोठली सरासरी, ते नव्हते.

समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो. दुपारी त्याच्यावरून येणारा वारा किनाऱ्यावरील पारा आवरून धरतो, पण सोबत ओलावाही आणतो. त्या ओलाव्यात घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर निवत नाही. आमच्याकडे समुद्र शेकडो मैल दूर. येथली हवा कोरडी, म्हणून पारा मोकाट चढतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर येथे खोली गार करतो. तोच रत्नागिरीस नेला तर दमटपणात भरच घालील.

म्हणूनच उष्णतेची लाट ठरविण्याचे हवामान विभागाचे मापही सर्वत्र एक नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सियस असावे लागते, किनाऱ्यावर ३७, तर डोंगराळ भागात ३०. आणि ते त्या त्या ठिकाणच्या सरासरीहून निदान ४.५ अंशांनी चढे असावे लागते. मैदानात पारा ४५ वर गेला, तर मात्र सरासरी पाहिली जात नाही. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर समारंभ झाला. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी त्या भागातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. रायपुरात एप्रिलच्या अखेरीस ३८ अंश ऐकले की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो!

तेव्हा वाचकहो, हा अंदाज हाती आला की आधी आपले गाव कोठे आहे ते पाहावे. गाव समुद्राकाठी असेल तर आकडा लहान म्हणून गाफील राहू नये. आतल्या मुलखात असेल तर घाम दिसत नाही म्हणून पाणी पिणे लांबवू नये. किमान तापमानाचा उल्लेखही वगळू नये. रात्र निवली नाही तर दिवसाचा शीण उतरत नाही, आणि त्याचा भार वृद्धांवर व तान्ह्या मुलांवर आधी पडतो. शिवाय तीन महिन्यांचा अंदाज हा केवळ संभव सांगतो. माठ, पडदे, कामाच्या वेळा यांची तजवीज त्यावरून करावी. प्रवासाचा किंवा लग्नकार्याचा दिवस मात्र रोजच्या अंदाजावरून आणि पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांवरून पारखावा.

हल्ली माझ्या गोषवाऱ्यात किनाऱ्यासाठी एक आणि आतल्या भागासाठी एक, असे दोन परिच्छेद असतात. पहिला मी छापण्यापूर्वी आत्याला दूरध्वनीवरून वाचून दाखविते. परवा तो ऐकून ती म्हणाली, “हे समजलं. आता तुझ्याकडे कधी येऊ ते सांग.” मी तिला मार्गशीर्ष सुचविला आहे.