चालू संगणक भंगारात का टाकायचा?



२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली. चौथीतली एक मुलगी पळत आली, "मॅडम, कम्प्युटरवर काहीतरी आलंय. 'एंड' लिहिलंय!" जाऊन बघितलं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबरनंतर मोफत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना होती. तिला इंग्रजी शब्द वाचता आला याचा आनंद मानावा की काळजी करावी, मला कळेना.

आमच्या शाळेत चार संगणक आहेत. २०१७ मध्ये गावाने लोकवर्गणी काढून घेतलेले. कुणी पाचशे दिले, कुणी हजार. एका आजीने पदराच्या गाठीतले शंभर रुपये दिले होते. वर्गणीच्या वहीत त्यांचं नाव आजही आहे. मुख्याध्यापक सर म्हणाले, "आठ वर्षं झाली मॅडम, जुने झाले. परत वर्गणी काढू." पण काढायची कुणाकडून? सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांसारखं आमच्याही गावचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. अशा पालकांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जायला माझे पाय उचलेनात.

दिवाळीला आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गावी आला. तो पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. त्याला संगणक दाखवले. तो हसून म्हणाला, "मॅडम, हे बिघडलेले नाहीत. यांची फक्त मुदत संपलीय."

मग त्याने समजावून सांगितलं. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि दहा वर्षांनी त्याचा सपोर्ट थांबला. संगणक सुरू होतोच, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. म्हणजे दाराला कडी आहे, पण ती मोडली तर सुतार येणार नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. रॅम आणि स्टोरेज आमच्याकडे होतं, पण प्रोसेसर यादीत नव्हता.

"मग आता?" मी विचारलं. तो म्हणाला, "लिनक्स टाकू. फुकट आहे. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं तेच वापरतात."

खरं सांगते, मला भीती वाटली. म्हणून आधी एकाच संगणकावर पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं. त्यात जुनं काही पुसलं जात नाही. मग निकालपत्रकं, फोटो सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं आणि तीन संगणकांवर लिनक्स टाकलं. अडचणी आल्याच. प्रिंटर चालेना. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तर नुसती अगम्य चिन्हं! म्हणून चौथा संगणक विंडोजवरच ठेवला, पण त्याचं इंटरनेट काढून टाकलं.

सुट्टीनंतर मुलं आली. पहिल्या दिवशी "मॅडम, पेंट कुठं गेलं?" असा गलका झाला. दहा मिनिटांत त्यांनीच टक्स पेंट शोधून काढलं आणि चित्रं रंगवायला बसली. मला मात्र फाइल कुठे सेव्ह होते हे कळायला आठवडा लागला. तेव्हा माझी चूक लक्षात आली. एमएस-सीआयटी करताना मी 'इथे क्लिक करा' पाठ केलं होतं आणि मुलांनाही तेच शिकवत होते. बटणाची जागा बदलली की माझं ज्ञान संपायचं. आता मी आधी काम सांगते आणि बटण त्यांना शोधू देते.

हेच मोबाइललाही लागू पडतं. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, पोरीच्या अभ्यासासाठी मोबाइल घ्यायचाय. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा बघू?" मी म्हटलं, "दादा, कॅमेरा राहू द्या. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, ते दुकानात विचारा." पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ या महागड्या फोनना कंपन्यांनी सात वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनना बहुतेक वेळा कमी वर्षं मिळतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे मात्र आपणच विचारायला हवं. आणि 'नवीन' म्हणून विकला जाणारा फोन बाजारात कधी आला होता, हेही बघावं, कारण वर्षं बऱ्याचदा तिथूनच मोजली जातात.

नवा फोन आला, नवा लॅपटॉप आला, अशा बातम्या रोज येतात. आपल्या शाळेच्या कामाची बातमी वेगळी असते: हातात आहे ते कधीपर्यंत सुरक्षित चालेल आणि त्यानंतर काय करता येईल? भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं एकदा तपासून बघा.

परवा त्या आजी नातवाला सोडायला शाळेत आल्या होत्या. खिडकीतून आत डोकावून म्हणाल्या, "चालू हायत व्हय अजून?"

"चालू आहेत आजी," मी म्हटलं.