हवेतली घरं

‘पॅराशूट’ला एसीएल नावाचं एक इवलंसं बटण असतं. टाचणीच्या टोकाने ते दाबलं की पडद्यावरची सगळी चित्रं क्षणभर एकदम उमटतात. आकाशात जिथे जिथे जागा आहे तिथे तिथे छत्रीला लटकलेला माणूस, खाली एकच होडी तीन ठिकाणी, पाण्यात एकूणएक शार्क. निन्टेंडोच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला, १९८१ सालचा, खिशात मावणारा हा खेळ. त्यात जे जे घडू शकतं ते सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर असतं. लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरी रात्री निजानीज झाली की मी हा खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर नव्याने उतरवतो, आणि कुठे अडलं की पुन्हा ते बटण दाबतो.

काचेतल्या या चित्रांना जागचं हलता येत नाही. वीज मिळाली की काळी होतात, तुटली की नाहीशी. वरचा माणूस पुसला, खालचा उमटला, टिक वाजली, आणि आपण म्हणतो, तो खाली आला. होडीत झेलला तर एक गुण. तीन जण पाण्यात पडले की डाव संपला. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांना या खेळांची कल्पना बुलेट ट्रेनमध्ये सुचली असं सांगतात. एक प्रवासी कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत एलसीडी पडदे तेव्हा खूप स्वस्त झाले होते. नव्यामागे धावण्यापेक्षा मुरलेल्या, स्वस्त झालेल्या तंत्राला वेगळ्याच कामाला लावावं, अशी योकोईंची धारणा होती. मला ती फार जवळची वाटते.

स्पेक्ट्रमही काटकसरीतूनच जन्मला. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने तो २३ एप्रिल १९८२ रोजी आणला. १६ केचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. रबरी बटणं, प्रोग्रॅम कॅसेटवर, पडदा म्हणजे घरातलाच टीव्ही. पुढे पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. बेसिकची पहिली ओळ मी आतेभावाच्या त्या यंत्रावर टाइप केली. आत्ताचं यंत्र इथल्या एका ‘बूट सेल’मध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, मिळालं.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर २५६ बाय १९२ ठिपके. माणूस एकेक ठिपका खाली सरकवता येतो, तरंगत, झुलत. दिसतं देखणं, पण खेळ तिथेच मरतो. मूळ खेळात नजर माणसामागे जात नाही, ती घरं मोजते. मधल्याला एक टिक उरली, डावीकडच्याला दोन. म्हणजे आधी मध्ये, मग डावीकडे. तरंगणाऱ्या माणसाचा नुसता अंदाज बांधावा लागतो, हिशेब होत नाही.

लेकीने खेळताना विचारलं, “बाबा, तो मधल्यामध्ये कुठे जातो?”

“कुठेच नाही गं.”

“मग खाली कसा येतो?” मी उत्तर जुळवेपर्यंत तिने होडी उजवीकडे नेऊन त्याला झेललंसुद्धा.

क्रॉयडनमध्ये हा प्रश्न मला परका वाटत नाही. पर्ली वेवर जुन्या विमानतळाची १९२८ सालची इमारत अजून उभी आहे. भारताचं टपाल इथून निघायचं आणि मुक्काम करत करत कराचीला पोचायचं. त्यातला एक टप्पा तर रेल्वेचा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी विलायतेहून आलेलं ते टपाल कराचीहून उचललं आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. त्या हवाई वाटेचं वर्णन म्हणजे मुक्कामांची यादीच.

खेळातला माणूस असाच मुक्कामामुक्कामाने उतरवायला स्पेक्ट्रमची सगळ्यात बदनाम खोड मला उपयोगी पडली. त्याचा पडदा ७६८ चौकोनांत वाटलेला आहे. आडवे ३२, उभे २४. एका चौकोनात दोनच रंग, एक शाईचा, एक कागदाचा. दोन रंगीत चित्रं एका चौकोनात आली की एकमेकांचे रंग बिघडवतात. म्हणून मी सगळी माणसं, होड्या, शार्क सुरुवातीलाच काढून ठेवतो, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने. असतात सगळे, दिसत कोणीच नाही. ज्याला दाखवायचं त्याच्या चौकोनांची शाई काळी करायची, लपवायचं तर पुन्हा पांढरी. चौकोनामागे एक बाइट पुरतो. काचेत दोन चित्रं एकमेकांवर चढत नाहीत, माझ्याकडेही चढू द्यायची नाहीत. हे पहिल्यांदा पडद्यावर चाललं तेव्हा मला अतिशय आनंद झाला. एक मात्र साधत नाही. मूळ खेळ उजेडात तिरका धरला की न उमटलेली चित्रंही फिकट दिसतात. तो फिकटपणा इथे आणता येत नाही, कारण उजळपणा शाईला आणि कागदाला एकत्रच लागू होतो.

मग वेळ. मूळ खेळ मनगटी घड्याळाच्या स्फटिकावर चालतो, सेकंदाला ३२,७६८ ठोके. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरला सेकंदाला ३५ लाख. शंभरपटीहून चपळ यंत्राला थांबवणं हे निम्मं काम. त्यासाठी हॉल्ट नावाची आज्ञा आहे. ती दिली की प्रोसेसर सेकंदाचा पुढचा पन्नासावा भाग येईपर्यंत स्वस्थ बसतो. टिक वाजवायची तर प्रोसेसरला हातातलं सगळं सोडून तेवढंच करावं लागतं. ते मला हवंच आहे. टिक वाजताना कोणी हलू नये.

सध्या ‘गेम बी’ या खेळाच्या दुसऱ्या प्रकारावर अडलो आहे. त्यात एखादी छत्री माडात अडकते, माणूस झुलत राहतो आणि खेळणाऱ्याचा सगळा हिशेब उधळतो. मूळ खेळात माड छापलेला आणि माणूस एलसीडीतला, म्हणजे थर दोन. माझ्याकडे थर एकच, त्यामुळे माणूस लपवला की झावळीही जाते. तिथला कागदच हिरवा केला तर माणूस हिरव्यावर हिरवा लपतो आणि काळा उमटतो, पण झावळीच्या कडा चौकोनी होतात. माडाची झावळी चौकोनी मला पाहवणार नाही. म्हणून आता माणसाचं घरच एक चौकोन डावीकडे नेऊन पाहतो आहे.