उपाहारगृहाचे स्थलांतर

हरमलची मिरची पेडणे महालाची म्हणून आम्ही मिरवितो. परंतु तिचे खरे माहेर मेक्सिको! टोमॅटोचे नावही तेथल्याच नाव्हाट्ल भाषेतले. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर ही मंडळी एकामागून एक गलबतांतून इकडे उतरली. डिचोली त्यांच्या हाती गेली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. मिरची मात्र त्यांच्या कितीतरी आधी आमच्या चुलीपर्यंत पोचली होती.

हे आठवण्यास निमित्त झाले आमच्या शेजारच्या उपाहारगृहाचे. डिचोलीच्या बाजारातून ते नुकतेच बसस्थानकाजवळ हलले. ‘आता ती चव कुठली?’ असे म्हणत आमच्या मातोश्रींनी तेथे पाऊल न टाकण्याचा जणू नेमच धरला होता. अखेर एका रविवारी सकाळी, नातवंडांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही. बाके नवी, भिंती पांढऱ्याशुभ्र. पानात मात्र तीच पातळ भाजी, पाव आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरचीची भजी. मातोश्रींनी मुकाट्याने भाजी दुसऱ्यांदा मागितली. नंतर खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे पाहत त्या कोकणीत एवढेच म्हणाल्या, “हांगाच्यान देवूळ दिसना.”