तिसऱ्या दिवशी फावडं

परवा ऑफिसात एचआरचं मेल आलं. कंपनीतर्फे जव्हारकडच्या एका पाड्यावर दोन दिवस श्रमदान, शाळेच्या भिंती रंगवायच्या, टी-शर्ट कंपनी देणार, राहणं-जेवण गावकऱ्यांकडे, नावं शुक्रवारपर्यंत द्या. टीममधली पोरं लगेच तयार. "सर, तुम्ही येणार ना? तुम्ही तर आफ्रिकेत राहून आलाय!" मी म्हटलं, बघतो. 'राहणं-जेवण गावकऱ्यांकडे' इथेच माझी पिन अडकली होती आणि एकदम सिस्टरांची वही आठवली. शुक्रवार गेला, आज शनिवार आहे, नाव काही दिलेलं नाही. म्हटलं, वहीची गोष्ट तरी लिहून टाकू.

२००९ साली मी वर्षभराची बिनपगारी रजा काढून टांझानियात गेलो होतो. (का, ते पुन्हा कधीतरी. थोडक्यात, तिशी आली होती आणि एकच प्रोजेक्ट तिसऱ्या क्लायंटसाठी तिसऱ्यांदा करत होतो.) एका कॅथलिक मिशनमधल्या दवाखान्याची आणि मुलींच्या शाळेची रजिस्टरं कॉम्प्युटरवर आणायची, असं काम होतं. जागा पार दक्षिणेला, रुवुमा प्रांतात. दार-एस-सलामहून पहाटेची बस पकडायची, साडेनऊशे किलोमीटर कापून रात्री सोंगेयाला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पिकअपच्या हौद्यात बसून लाल माती खात पुढे जायचं.

मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक चर्च आणि एक फादर येतो. तिथे ते आख्खं गाव असतं. शाळा, वसतिगृह, दवाखाना, सुतारशाळा, पिठाची गिरणी, गोठा, मक्याची शेतं. रुवुमातली अशी ठाणी जर्मन बेनेडिक्टाइन साधूंनी वसवायला सुरुवात केली. पेरामिहोचं १८९८ चं. १९०५ च्या माजी-माजी उठावात ते जाळलं गेलं, आणि उठाव मोडल्यावर २७ फेब्रुवारी १९०६ ला जर्मनांनी सोंगेयात साठहून जास्त न्गोनी पुढाऱ्यांना फासावर चढवलं. दर फेब्रुवारीत तिथे अजून त्यांची आठवण काढतात. सांगायचा मुद्दा, 'तुमच्या भल्यासाठी' आलेला परका माणूस या लोकांनी शंभर वर्षं पाहिलेला आहे, सगळ्या तऱ्हांचा. नवीन काय ते आपल्यालाच वाटतं.

पाहुण्यांची सगळी जबाबदारी एका सिस्टरांकडे होती, आणि सिस्टर निघाल्या वसईच्या! घरी सामवेदी बोलणाऱ्या. माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी. पहिल्या दिवशी त्या बसस्टँडवर "प्रवास नीट झाला ना रे?" म्हणाल्या तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. स्वयंपाकघरात त्यांच्या जोडीला एक मामा. तिकडे बाईमाणसाला आदराने 'मामा' म्हणतात, त्यामुळे आपल्याला आयुष्यभर मामा म्हणजे आईचा भाऊ ही सवय, आणि इथे साठीची बाई चुलीपाशी बसून "मामाला लाकडं दे" म्हणतेय. भाषेची अशी गंमत रोजच. पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख. मी 'म्हिंडी', म्हणजे भारतीय. आणि 'माहिंडी' म्हणजे मका. शाळेतल्या मुली मला बघून हसायच्या त्याचं कारण मला दोन महिन्यांनी कळलं.

तर सप्टेंबरात चौदा पाहुणे आले. एका बड्या मल्टिनॅशनलचे लोक, सात-आठ देशांतले, दहा दिवसांसाठी. तेव्हा ही पद्धत नुकती जोरात सुरू झाली होती. आयबीएमने २००८ मध्ये आपले लोक टीम करून टांझानिया, घाना, फिलिपाइन्स अशा ठिकाणी पाठवायला सुरुवात केली होती आणि मग बऱ्याच कंपन्यांना ते पटलं. आमच्याकडे आलेली कंपनी वेगळी, नाव महत्त्वाचं नाही. माणसं चांगली होती हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी त्यांची टिंगल करतोय. उतरल्या उतरल्या सगळ्यांना "जांबो! जांबो!" करत सुटले (हे तिकडे टुरिस्टच करतात, थोरामोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं असतं). पण शिकवल्यावर शिकले.

मी तेव्हा स्वतःला यजमानांपैकी समजत होतो. पाच महिने झाले होते, तोडकीमोडकी स्वाहिली येत होती, उगाली हाताने खाता येत होती. पाहुण्यांना घेऊन हिंडताना 'आमच्याकडे पाणी जपून वापरतात' असं म्हणायचो. आमच्याकडे!

आता वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सिस्टर त्यात सगळं लिहायच्या. चौदा उशा, त्यातल्या सहा शिवल्या. चौदा मच्छरदाण्या. दोन सिस्टरांनी आपल्या खोल्या रिकाम्या करून शिवणवर्गात गाद्या टाकल्या. वीज म्हणजे मिशनचा डिझेल जनरेटर, एरवी साडेसहा ते नऊ. पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी अकरापर्यंत. (राष्ट्रीय ग्रीडची लाइन सोंगेयापर्यंत आली ती २०१८ मध्ये.) प्यायचं पाणी उकळायला लाकूड. कंपनी माणशी रोजचे पैसे देत होती, फुकट नव्हते राहिले. पण ती रक्कम भात आणि घेवडा धरून ठरवलेली. आणि पाहुण्याला तिथे घेवडा वाढत नाहीत, कोंबडी वाढतात. वाढली नाही तर मामांची अब्रू जाते. त्यामुळे गटातली हैदराबादची एक शुद्ध शाकाहारी मुलगी, जिच्याबद्दल कंपनीने दोन काळजीची पत्रं पाठवली होती, तीच वहीत सगळ्यात स्वस्त पाहुणी ठरली. घेवडा आणि माठाची भाजी आनंदाने खायची.

जे वहीत लिहिता येत नाही ते वेगळंच. फॉर्म फोरच्या मुलींची बोर्डाची परीक्षा ऑक्टोबरात, आणि त्या तीन दुपारी स्वागतगीताची तालीम करत होत्या.

सगळ्यात अवघड म्हणजे पाणी. सप्टेंबर तिकडे आपल्या मेसारखा. पावसाला अजून दोन महिने, टाकी तळाला. मुली नदीवरून बादल्या आणत होत्या. आणि पाहुणे दिवसभर भिंती रंगवून आले की दोन-दोन बादल्या आंघोळ.

दुसऱ्या रात्री मी, सिस्टर आणि मामा स्वयंपाकघरात बसलो होतो. सिस्टरांचा दिवसभराचा सगळा राग मराठीत बाहेर पडला. मराठीत, कारण तीच एक भाषा तिथे बिनधोक होती! पाणी, डिझेल, कोंबड्या, सगळं निघालं. मीही तेल ओतलं. "राजेशाही आंघोळी चालल्यात", "त्या उंच माणसाने तर बहुतेक केस पण दोनदा धुतले", वगैरे. मग विषय कंटेनरवर गेला. जर्मनीहून दवाखान्यासाठी आलेला कंटेनर तीन महिने दारच्या बंदरात अडकला होता. खाटा, निर्जंतुकीकरणाचं यंत्र, सगळं आत, आणि डेमरेज रोज चढतंय. "या चौदा जणांत एकाला तरी कागद वाचता येत असतील की नाही? भिंतीच रंगवतायत!" सिस्टर म्हणाल्या.

मामांना काय चाललंय ते शब्द न कळताही कळलं. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवत एक म्हण टाकली : म्गेनी सिकु म्बिली, सिकु या ताटु म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याला जेंबे द्या. तिकडची घरोघरची म्हण. न्येरेरेंनी १९६२ च्या आपल्या 'उजामा' निबंधातसुद्धा घेतलीय. जेंबे म्हणजे आपलं फावडंच जवळपास. सिस्टरांनी मला ती मराठीत समजावली आणि आम्ही तिघं खो खो हसलो.

दाराशी बाटली भरायला गटातला एक मुलगा उभा होता. बंगलोर ऑफिसचा, आडनाव तेलुगू. गोड हसला, "गुड नाइट" म्हणाला, गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बादल्या मोजल्या तर चौदा जणांत सात बादल्या वापरलेल्या. सिस्टर चक्रावल्या. तेवढ्यात तो मुलगा आला, बाह्या सरसावलेल्या, आणि म्हणाला, "सिस्टर, फावडं कुठाय ओ?"

सोलापूर! सोलापुरात अर्धी पेठ तेलुगू आडनावांची आहे हे मला माहीत असायला हवं होतं. माझी एक मावशी तिथे दिली आहे. सिस्टर लालबुंद झाल्या. मी चहाच्या कपात बघत बसलो. तो मात्र काहीच झालं नाही अशा थाटात सगळ्या गटाला मक्याच्या शेताकडे घेऊन गेला. जमीन तयार करायचे दिवस होते. तासाभरात सगळ्यांच्या हातांना फोड, एक जेंबे दांड्यापासून तुटलं, आणि कामात कशाची भर पडली म्हणाल तर फारशी नाही. शाळेतल्या मुली मात्र इतक्या मनापासून हसताना मी पहिल्यांदा पाहिल्या.

खरं काम दुपारी झालं. त्याने गटातल्या एका पोलिश बाईंना कंटेनरचं सांगितलं होतं. या बाई कंपनीत शिपिंगचे कागद बघायच्या, पंधरा वर्षं तेच काम, आणि इथे त्यांना खिडक्यांना निळा रंग द्यायला बसवलेलं! सिस्टरांनी फाइल काढून दिली. बाईंनी पाच मिनिटांत दाखवलं की पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि खोक्यांची संख्या बिल ऑफ लेडिंगशी जुळत नाही, आणि करमाफीचा अर्ज तिसऱ्याच यादीवर केलाय. दोष कुणा कचेरीचा नव्हता, आमचेच कागद आमच्याच एजंटाने कसेतरी जोडलेले. पुढचे दोन दिवस त्या टेकडीवर, जिथे मोबाइलला रेंज यायची तिथे, छत्री घेऊन बसल्या. जर्मनीतून नवे कागद मागवले, एजंटाला धारेवर धरलं. कंटेनर महिन्याने सुटला.

तर असंही होतं. म्हणून मी 'असले लोक येऊच नयेत' वाल्या पंथाचा नाही. पण हेही लक्षात घ्या, की आमच्याकडून कंपनीला जी 'गरजांची यादी' गेली होती तीत कंटेनर नव्हता. भिंती होत्या. कारण भिंती फोटोत येतात आणि दहा दिवसांत पुऱ्या होतात. ती यादी मीच टाइप केली होती.

शेवटच्या रात्री तो सोलापूरकर माझ्याकडे आला. कंपनीला एक अहवाल द्यायचा असतो, यजमान संस्थेतर्फे, तो मी भरणार होतो. म्हणाला, "दादा, लाभार्थी किती ते विचारतील. त्याच्या खाली सिस्टरांच्या वहीतला खर्चपण टाका ना. आमच्या वरच्या लोकांना खरंच माहीत नसतं. मी पाठपुरावा करतो." मी हो म्हटलं.

ते गेल्यावर मी वही मागून घेतली. पानं चाळता चाळता एका पानावर माझं नाव दिसलं. एप्रिलपासूनचं. खोली एक (आधी सुताराचे दोन शिकाऊ तिथे राहायचे). मलेरिया, चार दिवस खाट. गॅस सिलिंडर, 'त्याला चहा लागतो'. डिझेल, 'त्याच्या कॉम्प्युटरसाठी'. शाळेच्या कारकुनाचे तीन महिने, 'त्याला शिकवण्यात'. मी समजत होतो की कारकुनाला मी शिकवतोय.

सिस्टर दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाल्या, "सगळ्यांचंच लिहिते रे. राग नाही त्यात."

"मग बोलावता कशाला आम्हाला?"

"पूर्वी जर्मनीतल्या गावागावांतून पत्रं यायची, पत्रात थोडे पैसे असायचे. ती माणसं म्हातारी झाली, गेली. आता पत्रं येत नाहीत, पाहुणे येतात. दहा येतात, त्यातला एक घरी जाऊन आपल्याला विसरत नाही. तो एक कोणता ते आधी कळत नाही, म्हणून दहांनाही कोंबडी."

अहवाल मी त्याच रात्री भरला, टॉर्चच्या उजेडात, कारण जनरेटर पुन्हा नऊला बंद व्हायला लागला होता. लाभार्थी : शाळेतल्या सगळ्या मुली, अधिक त्या दहा दिवसांत दवाखान्यात आलेले सगळे पेशंट. त्यांतल्या बहुतेकांनी रंगवलेली भिंत पाहिलीही नव्हती. खर्चाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. स्वतःला सांगितलं की सिस्टरांचं नुकसान नको, खर्च वाचून कंपनी पुढच्या वर्षी यायची नाही. खरं कारण वेगळं होतं. मला पाठवणाऱ्या संस्थेचा अहवालही महिन्याभरात भरायचा होता, रकाने तेच. एकीकडे खर्च लिहिला असता तर दुसरीकडेही लिहावा लागला असता.

त्या मुलाचं नंतर दोनदा मेल आलं : दादा, अहवालात खर्च दिसत नाही, वेगळा पाठवलात का? मी पहिल्याला 'बघतो' असं उत्तर दिलं. दुसऱ्याला दिलं नाही.

नोव्हेंबरात पाऊस लागला, टाकी भरली, खाटाही येऊन पोचल्या होत्या. एका संध्याकाळी मी सोंगेयाहून मेल छापून आणलं. कंपनी अहवाल वाचून फार खूश होती, पुढच्या वर्षी वीस जण पाठवणार होती. सिस्टरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, वहीचं कोरं पान काढलं.

"वीस म्हणजे," त्या म्हणाल्या, "उशा किती कमी पडतील रे?"