चिमटा, भाता आणि कानातला आवाज

‘टूर आता पूर्वीसारखी राहिली नाही’ असं दर जुलैत कुणी ना कुणी म्हणतंच. हा सूर पहिल्यांदा लावण्याचा मान मात्र टूर द फ्रान्सच्या जन्मदात्याकडे जातो. ऑन्री देग्रांज हा ‘ल ओतो’ या पॅरिसच्या क्रीडा दैनिकाचा संपादक. सायकलला गियर बदलायची सोय हवी कुणाला, तर पंचेचाळिशी उलटलेल्यांना, असं त्याने 1902 मध्येच लिहून ठेवलं होतं. टूर सुरू झाली 1903 मध्ये. म्हणजे शर्यतीच्या आधी वर्षभर तिची कुरकुर जन्माला आली.

शर्यत काढली ती पेपर खपावा म्हणून. ‘ल व्हेलो’ हे प्रतिस्पर्धी दैनिक पुढे होतं, आणि झेओ लफेव्र या तरुण बातमीदाराने साऱ्या फ्रान्सला सायकलने वळसा घालायची कल्पना सुचवली. सहा टप्पे, एकूण 2,428 किलोमीटर. एक टप्पा सोडला तर बाकीचे पावणेचारशे ते पावणेपाचशे किलोमीटरचे, त्यामुळे रात्रीही सायकल हाणायची. निघाले 60 जण, पोहोचले 21. पहिला आलेला मॉरिस गारां पूर्वी धुराडी साफ करायचा. दुसऱ्याच्या तो पावणेतीन तासांहून जास्त पुढे होता, आणि एवढं अंतर नंतर कुणालाच राखता आलेलं नाही. पुढच्याच वर्षी गारांसह पहिले चारही बाद झाले. आगगाडीने रस्ता कापल्याचे आरोप होते, रस्त्यात खिळे पसरले गेले होते, मारामाऱ्या झाल्या होत्या. ‘सोन्याचे दिवस’ म्हणतात ते हे.

गियरच्या बाबतीत देग्रांजने हट्ट सोडला नाही. मागच्या चाकाला दोन बाजूंना कमीजास्त दात्यांची दोन चक्रं असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, नट आवळायचे आणि मग चढायला लागायचं. माथ्यावर पुन्हा तीच कसरत. 1936 ची टूर चालू असताना आजारपणामुळे त्याने सूत्रं सोडली आणि 1937 मध्ये गियरना परवानगी मिळाली. आता बोटाच्या टोकाने बटण दाबलं की बॅटरीवर गियर पडतो. सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असू नये, असा सायकल महासंघाचा आग्रह.

त्या काळाची खरी गोष्ट मात्र चिमट्याची आहे. 1913 चा जुलै, बायोन ते ल्युशों असा पिरेनीजमधला टप्पा. युजेन क्रिस्तॉफ तुर्माले घाट उतरत होता आणि टूर त्याच्या हातात येऊ घातली होती. उतारावर सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा, की स्वाराने दुरुस्ती स्वतःच करायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरहून जास्त पायपीट करत साँत-मारी-द-काँपाँ या गावातली लोहाराची भट्टी गाठली. तो मूळचा कुलपं करणारा कारागीर, लोखंडाशी हाताची ओळख होती. त्याने स्वतः चिमटा तापवला, ठोकला, जोडला. शर्यतीचे अधिकारी नियम मोडला जात नाही ना हे पाहत तिथेच उभे होते. पण दोन हातांनी लोखंड धरायचं तर भाता कोण ओढणार? तिथल्या एका पोराने तो ओढला. अधिकाऱ्यांनी बाहेरची मदत घेतली म्हणून क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड ठोकला. पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला. एवढी दया दाखवून काय उपयोग? त्याचे तोवर चारएक तास गेले होते. टूर संपली तेव्हा तो सातवा होता.

1919 मध्ये टूरमध्ये पहिल्यांदा पिवळी जर्सी आली. रंग ‘ल ओतो’च्या पिवळ्या कागदाचा. ती पहिल्यांदा अंगावर चढली क्रिस्तॉफच्याच, आणि लोक ‘कॅनरी’ म्हणून चिडवतात अशी त्याची तक्रार होती. शर्यत संपायला एक टप्पा उरला असताना त्याचा चिमटा पुन्हा मोडला. वाचकांनी वर्गणी काढून त्याला पैसे पाठवले. टूर त्याने कधीच जिंकली नाही.

आता 14 जुलै 2016. मों व्हाँतूच्या चढावर गर्दी इतकी, की कॅमेऱ्याच्या मोटारसायकलला अडकून थांबावं लागलं. मागचे तीन स्वार तिच्यावर जाऊन आदळले. त्यात पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम होता. त्याची सायकल मोडली आणि संघाची गाडी मागे गर्दीत अडकलेली. फ्रूम सायकल तिथेच टाकून चढावर धावत सुटला. सायकलचे ते बूट घालून धड चालताही येत नाही, आणि हा पळतोय. पंचांनी विचार केला, चूक त्याची नाही असं ठरवलं आणि अपघात झाला नसता तर जी पडली असती ती वेळ त्याच्या नावावर लावली. पिवळी जर्सी त्याच्याकडेच राहिली, टूरही त्यानेच जिंकली.

निवाडा म्हणून बघितलं तर 2016 चे पंच शहाणे आणि 1913 चे खुळचट, यात मला शंका नाही. तरीही कुणी टूरची गोष्ट सांग म्हटलं तर माझ्या तोंडी भात्याचीच येते. याचं कारण जुन्यांनी जास्त सोसलं हे नाही. दुसऱ्याने सोसलेल्या हालांवर आपण कशाला हळवं व्हायचं? कारण साधं आहे. तुर्मालेच्या उतारावर त्या दिवशी कॅमेरा नव्हता. जे घडलं ते क्रिस्तॉफने सांगितलं, बातमीदारांनी लिहिलं आणि लोकांनी मनात पाहिलं. फ्रूमची धाव सगळ्या जगाने घडत असतानाच पाहिली, त्यावरचे विनोदही फोनवरून फिरले आणि रात्रीपर्यंत प्रकरण मिटलं. त्यात कुणाला काही भर घालायला जागाच राहिली नाही.

टूर मुळात वाचायची शर्यत होती. रस्त्याकडेला दिवसभर ताटकळणाऱ्याला धुळीतून जाणारी माणसं अर्धा मिनिट दिसायची, बाकीची सगळी शर्यत तो दुसऱ्या दिवशी विकत घ्यायचा. आमच्याकडेही ती अशीच यायची. विम्बल्डनच्या बातम्यांखाली, क्रीडा पानाच्या तळाशी, चार ओळींत, दोन दिवस शिळी. इंदुराईनने आघाडी राखली, अमुक इतकी मिनिटं, बस्स. बाहेर पाऊस आणि डोळ्यांपुढे आल्प्स उभे करायला भांडवल काय, तर बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून वर चढून पहिला पोहोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे ठाऊक होतं. त्या राजाला उचलून फ्रान्सच्या बर्फात ठेवायचं, की झाली आपली टूर तयार. पुढे केबलवर रात्री सारांश दाखवू लागले तेव्हा पहिला धक्का बसला तो आल्प द्युएझच्या एकवीस वळणांचा. मनातल्या घाटापेक्षा तो कितीतरी उघडाबोडका निघाला.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर फारच लिहिलं गेलं आहे. पूर्वी उन्हाने घसा सुकला की स्वार वाटेतल्या कॅफेवर सरळ धाड घालत आणि हाताला येतील त्या बाटल्या उचलून पळत. 1950 मध्ये अब्देल-कादर झाफ हा अल्जीरियाचा स्वार उन्हाने गळून झाडाखाली कोसळला आणि शुद्धीवर आल्यावर उलट्या दिशेने निघाला. प्रेक्षकांनी त्याला वाईन पाजली होती हा भाग खरा की रचलेला, यावर आजही वाद घालता येतो. आता संघाचा आचारी ग्रॅमवर मोजून भात वाढतो, सायकलवर तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात ढकलायची असतात, आणि ठरवून दिलेल्या जागेबाहेर रिकामी बाटली फेकली तर दंड होतो. जुन्यातलं काहीही मला परत नको आहे, धाडीसुद्धा नकोत. कॅफेवाल्यांचे पैसे कोण देत होतं, हे एकदा विचारावं वाटतं इतकंच.

औषधांचा विषय टाळून मात्र या आठवणी काढता येत नाहीत. 1924 मध्ये पेलिसिए बंधूंनी शर्यत सोडली आणि पत्रकार आल्बेर लाँद्रपुढे आपल्या पिशव्या उलट्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि गोळ्या. 1967 मध्ये टॉम सिम्पसन मों व्हाँतूवर कोसळून मेला, त्याच्या शरीरात उत्तेजक सापडलं. ज्या दशकात मी त्या चार ओळी वाचून घाट रचत होतो, ते तर सगळ्यात बरबटलेलं. 1996 चा विजेता ब्यार्ने रीस याने नंतर कबुली दिली, 1998 मध्ये फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला, आणि लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेण्यात आली. 1999 ते 2005 या सात वर्षांपुढे आज कुणाचंही नाव नाही. न दिसण्यात जशी गंमत होती तशी लपायला जागाही होती. पहिली आठवायची आणि दुसरी विसरायची, हे जमणार नाही.

तरीही एक गोष्ट खरोखर गेली आहे, आणि ती प्रेक्षकापेक्षा स्वाराची जास्त गेली आहे. 12 जुलै 1964, पुई द दोम. जाक आंकतील पिवळ्या जर्सीत, रेमों पुलिदोर त्याच्या मागावर. विझलेल्या ज्वालामुखीच्या त्या चढावर लाखोंची गर्दी होती. दोघं खांद्याला खांदा घासत चढत होते. आंकतील आतून संपत आला होता, पण मागे न राहता तो मुद्दाम पुलिदोरच्या बरोबरीने सायकल चालवत राहिला, जणू अजून बरंच शिल्लक आहे. पुलिदोर फसला. त्याने वेग वाढवला तो अगदी शेवटी, आणि 42 सेकंद मिळवले. आंकतीलची आघाडी 14 सेकंदांनी वाचली. पुलिदोरच्या कानात तेव्हा कुणी बोलत नव्हतं. आज संघाचा संचालक मागच्या गाडीत टीव्हीवर आंकतीलचा चेहरा बघून म्हणाला असता, ‘तो संपलाय, आत्ता नीघ.’ पुलिदोरने कदाचित टूर जिंकली असती आणि आपण त्याचं नाव विसरलो असतो. पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही. मिळाली ती त्याचा नातू मात्यू व्हान डर पूल याला, 2021 मध्ये, आजोबा जाऊन पावणेदोन वर्षंही झाली नसताना.

टूर पुई द दोमवर परतली ती 1988 नंतर थेट 2023 मध्ये. टप्पा सुरू झाला पुलिदोरच्या सॅं-लेओनार-द-नोब्ला या गावातून. पण आता तो डोंगर संरक्षित आहे, रस्त्यालगत माथ्यापर्यंत जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा रूळ आहे, म्हणून शेवटच्या चारेक किलोमीटरवर प्रेक्षकांना मज्जाव होता. तादेय पोगाचार योनास विंगेगोरला मागे टाकून पुढे निघाला आणि ओरडायला कुणीच नाही. पडद्यावर मात्र सगळं होतं, हेलिकॉप्टर, चढाचा टक्का, दोघांमधलं अंतर सेकंदागणिक. शेवटी अंतर आठ सेकंदांचं पडलं आणि ते कसं पडलं हे आम्हाला बाराशे कोनांतून कळलं. गर्दी मावेनाशी झाली की शर्यत बिघडते, हे मों व्हाँतूने दाखवलं होतं, आणि गर्दी काढून घेतली की काय होतं, ते इथे दिसलं.

ऑलिंपिकच्या रस्त्यावरच्या शर्यतीत कानातले रेडिओ नसतात. 2024 मध्ये पॅरिसला रेम्को एव्हेनपूल एकटा पुढे होता आणि शेवटच्या चारेक किलोमीटरवर त्याचं चाक पंक्चर झालं. सायकल बदलताना तो बिथरला होता, मागचे किती जवळ आलेत हेच त्याला माहीत नव्हतं. मिनिटाहून जास्त अंतर होतं. त्याचा तो घाबराघुबरा चेहरा मला गेल्या कित्येक टूरपेक्षा जास्त आठवतो. त्याच शर्यतीने मोंमार्त्रच्या टेकडीवरची फरसबंद गल्ली आणि तिथली गर्दी टूरवाल्यांच्या नजरेत भरली. 1975 पासून बहुतेक वेळा शाँझेलिझेवर संपणारा शेवटचा दिवस म्हणजे हातात शँपेन, फोटो आणि शेवटी वेगवान गड्यांची चुरस. 2025 मध्ये त्या दिवशी मोंमार्त्र तीन वेळा चढायचं ठरलं. पाऊस लागला, रस्ता निसरडा झाला, म्हणून एकूण क्रमवारीसाठीची वेळ आधीच गोठवली. पिवळी जर्सी पक्की झालेल्या पोगाचारला तिथे मिळवायचं काही नव्हतं, पडून हाड मोडून घ्यायची सोय तेवढी होती. तरी तो रू लपिक या त्याच गल्लीच्या चढावर पुन्हा पुन्हा हल्ले करत राहिला. दोन्ही बाजूंना माणसं खेटून उभी, हातभर अंतरावर. आणि शेवटच्या फेरीत वाउट व्हान आर्टने त्यालाच मागे टाकलं आणि एकटा शाँझेलिझेवर आला. पोगाचार त्या दिवशी चौथा आला. टूर मात्र त्याने चौथ्यांदा जिंकली.