नानांची फियाट आणि नवें पेट्रोल

आमच्या आत्याबाईंचें नाक हें घरांतील सर्वांत जुनें आणि सर्वांत भरंवशाचें यंत्र आहे. दूध करपण्याच्या आधीं तें त्यांना कळतें. 2025च्या श्रावणांत आम्ही अड्याळाहून नागपुरास निघालों होतों. भंडाऱ्याच्या वाटेवर दोन कोसही झाले नसतील, तोंच मागच्या बैठकीवरून त्या म्हणाल्या, "अरे, गाडी थांबव. वास येतो आहे."

"पेट्रोलच्या गाडींत पेट्रोलचाच वास यावयाचा, आत्याबाई."

"कालपर्यंत येत नव्हता."

या उत्तरापुढें माझें कांहीं चालेना. गाडी कडेला घेतली, टप वर उचलला आणि पाहतों तों पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी घाम फुटल्यासारखी ओली! एकेक थेंब तापलेल्या इंजिनावर पडत होता आणि पडतांच नाहींसा होत होता. मागें आत्याबाईंच्या दोन्ही बाजूंस धाकट्या भावाचीं मुलें बसलीं होतीं. त्यांना उतरवून बाभळीखालीं उभें करीपर्यंत माझे हात थरथरत होते, हें येथें कबूल करतों.

ही गाडी म्हणजे आमच्या वडिलांची, नानांची, 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली, पण आमच्या गांवीं तिला कोणी पद्मिनी म्हटलें नाहीं, ती फियाटच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच जातीच्या. त्यांतली शेवटची 30 ऑक्टोबर 2023 रोजीं रस्त्यावरून गेली. आमची मात्र दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करून वाड्याच्या पडवींत नांदत राहिली. नाना गेले, त्यांची खुर्ची मोडली, चष्मा कोठें गेला तें कळत नाहीं, गाडी तेवढी राहिली.

त्या रात्रीं पडवींत घरची सभा भरली. भाऊ म्हणाला, "विकून टाकूं. आतां पेट्रोलमध्यें शेंकडा वीस भाग इथेनॉल असतें. ही गाडी त्यासाठीं घडलेलीच नाहीं." आत्याबाईंनीं इथेनॉल म्हणजे काय, असें विचारलें. मद्यार्क, असें कळल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. ज्या नानांना सुपारीपलीकडे व्यसन ठाऊक नव्हतें, त्यांची गाडी पिऊं लागली! आणि हा मद्यार्क उसापासून, मक्यापासून, तांदळापासूनही काढतात, असें समजल्यावर तर भाताच्या या मुलखांत जन्म काढलेल्या त्या बाईंचा चेहरा पाहवेना. आमच्या घरीं कणीसुद्धां वायां जात नाहीं.

भाऊ म्हणतो त्यांत तथ्य किती, हें मीं पुढचे पंधरा दिवस शोधीत होतों. गोष्ट कांहीं काल-परवांची नव्हे. हें मिश्रण प्रायोगिक स्वरूपांत 2001 साली आपल्याच मिरज आणि मनमाड येथें सुरू झालें. पुढें 2003 पासून कांहीं राज्यांत शेंकडा पांच, मग दहा, आणि 2025 सालीं वीस. मूळ मुदत 2030ची होती. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग हें पेट्रोल सोसतील असे बनवितात. ब्राझीलनें हा मार्ग 1975 सालींच धरला, परंतु तेथें गाड्याही त्या इंधनाला धरून घडल्या. आमच्या फियाटला कोणी विचारलें नव्हतें.

एक लिटर मद्यार्कांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश शक्ति असते. म्हणजे वीस भागांच्या मिश्रणांत शेंकडा सहा-सात तोटा यावयाचा. नीति आयोगाच्या 2021च्या अहवालांत जुन्या चारचाकी गाड्यांसाठीं हाच आंकडा आहे. लिटरला बारा किलोमीटर जाणारी आमची गाडी अकरांवर आली, तिचा उलगडा झाला. शिवाय मद्यार्क आपल्याबरोबर प्राणवायु आणतो. नव्या गाडींत तें ओळखून इंधन वाढविणारें यंत्र असतें; आमचा कार्ब्युरेटर आंधळा, तो जुन्याच मापानें वाढतो. म्हणून ती सकाळीं कुरकुरे आणि चढावर धापा टाकी. पण हें सारें सोसण्यासारखें. खरें भय रबराचें. जुन्या काळचें रबर मद्यार्कानें फुगतें, मऊ पडतें, मग तडकतें. दुसरें भय पाण्याचें. मद्यार्क पाणी ओढून घेतो, आणि प्रमाणाबाहेर पाणी शिरलें कीं दोघे मिळून टाकीच्या तळाशीं वेगळे होऊन बसतात. नेमकी तेथूनच नळी इंधन उचलते. पावसाळाभर अर्ध्या टाकीनें उभ्या राहणाऱ्या गाडीला हें विशेष बाधतें.

पेट्रोलियम मंत्रालयानें ऑगस्ट 2025 मध्यें सांगितलें कीं कांहीं जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, व तें काम स्वस्त आहे. स्वस्त आहे, हें मीं पावतीवरून पाहिलें. पण आमची गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर जाते. तिच्या रबराचें वय किलोमीटरांत मोजावयाचें कसें? आम्हांला तें एका म्हाताऱ्या नाकानें सांगितलें, एवढें खरें.

भंडाऱ्याच्या मिस्त्रीनें नळी बोटांत दाबून दाखविली. ती शिळ्या पोळीसारखी तुटली. "इंजनाचा दोष नाही जी," तो म्हणाला, "नळ्या जुन्या होऊन राहिल्या. साऱ्याच बदलवून टाका." टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत फ्लोरो-रबराच्या नव्या नळ्या, पंपाचा पडदा, टाकीच्या झांकणाची चकती आणि किंचित् मोठें जेट, एवढें केलें. इंधनाची गाळणी काढली तेव्हां तींत तपकिरी गाळ निघाला. चाळीस वर्षांचा चिकटा या मद्यार्कानें धुवून काढला होता. भावानें तो पाहिला आणि विक्रीचा विषय त्या दिवशीं तरी काढला नाहीं. मुलांना मात्र या गाडींत पाठवावयाचें कीं नाहीं, याविषयीं वहिनींचें मत अजून बनलेलें नाहीं, आणि त्यांना आग्रह करण्याचें धैर्य मला नाहीं.

आतां पावसाळ्यांत टाकी भरलेली ठेवतों, दर रविवारीं पवनीपर्यंत जाऊन येतों, आणि महिन्यांतून एकदां टप उघडून नळ्यांवरून कोरडें फडकें फिरवून पाहतों. आत्याबाई येतात, पण बसण्यापूर्वीं गाडीच्या पुढें क्षणभर उभ्या राहतात, श्वास घेतात, आणि मग दार उघडण्याची खूण करतात.